तळवड्याच्या बाजूचं गेट

सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या एका कारखान्यात मी वेल्फेअर ऑफिसर होतो. समाजकार्याची पदवी होती, पण मला घेतलं ते तोंडासाठी. मुलाखतीत मी असा सुटलो, की साहेबांचे चहा गार झाले आणि मी गप्प बसावं म्हणून त्यांनी नोकरी दिली. माणसांत काम करायचं तर ऐकून घेता यावं, कायदा पाठ असावा, असं कॉलेजात शिकवलं होतं. हात चिरडलेल्या माणसाशी काय बोलायचं, याचा पेपर नव्हता.

आमच्याकडे पद्धत होती. पत्रा दाबायच्या प्रेसखाली ज्याचा हात गेला, त्याला वॉचमन म्हणून गेटवर बसवायचं. होता होता गेट इतकं भरलं, की मोठे साहेब आले म्हणजे सलामाला उजवा हात शोधावा लागे.

अशात लातूरकडचा एक ऑपरेटर प्रेसमध्ये सापडला. उजवा हात मनगटापर्यंत चेंदामेंदा. डॉक्टर म्हणाले, "आजच हात काढला नाही, तर विष अंगभर चढेल. माणूस जाईल." पण हा संमतीचा अंगठा द्यायला तयार नाही.

"हात गेला की नोकरी गेली, साहेब."

"अरे, गेटवर बसवू की तुला."

"कुठं? गेट भरलंय. रोज तिथूनच तर येतो."

त्याच्या बायकोनं मला व्हरांड्यात बोलावलं. "तुमी बोलाय लागले की लोक जेवायचं इसरतात म्हणं. मग यांना एक थाप मारा की साहेब. जित्ते राहू द्या."

मी परत आत गेलो.

"दुसरं गेट होतंय, राव. तळवड्याच्या बाजूला. अजून कुणाला बोललो नाही. स्वतंत्र केबिन, वर पंखा."

"पंखा?"

"असा पंखा, की टोपी दोरीनं बांधून बसावं लागेल. आणि खुर्ची? हत्ती बसला तरी कुरकुरायची नाही."

तो हसला नाही. "शिफ्ट?"

"जनरल. कायमची."

त्यानं डोळे मिटले आणि डावा अंगठा पुढे केला.

त्याच दिवशी मी मॅनेजरकडे गेलो, होतं नव्हतं ते सगळं तोंड वाजवलं. ते म्हणाले, "गेट म्हणजे काय स्वयंपाकघराची खिडकी आहे, वाटेल तिथं पाडायला?" पुढे अनेकदा गेलो. शेवटी मी दिसलो की ते फोन कानाला लावू लागले. फोन बंद असला तरी.

जखम भरली आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट, उजवी बाही दुमडून पिन लावलेली, डाव्या हातात जेवणाचा डबा.

"साहेब, गेट कुठल्या अंगाला?"

मी उठलो. दोघं तळवड्याच्या बाजूनं कंपाउंडच्या कडेकडेनं चालू लागलो. नुसती भिंत. तो एकेक खांब निरखत होता, आणि मला एक शब्द सुचत नव्हता.