योस्त रोडेनबर्ग यांना हवी असलेली जागा

माझे मामा योस्त रोडेनबर्ग चित्रकार होते असं मी सांगते, तेव्हा आमच्या गावातले लोक म्हणतात, "हो हो, ते संग्राहक!" या शब्दाचा मामांना आयुष्यभर राग होता. ती ओळख कमावली मात्र त्यांनी स्वतःच.

तरुणपणी त्यांची चित्रं कुणी घेईना. मग त्यांना युक्ती सुचली. बेम्स्टरकडच्या शेतकऱ्यांच्या घरात पणजोबांच्या काळातली, धुराने काळवंडलेली चित्रं चुलीवर टांगलेली असत. मामा स्वतः काढलेलं गाईचं ताजं, चकचकीत चित्र गाडीत घालून दारात हजर.

"नेल्ट्येकाकू, हे काळं भूत कशाला ठेवलंय? ही गाय घ्या. बघून दूध काढावंसं वाटेल."

"माझ्या गाईपेक्षा लठ्ठ आहे रे! वर किती द्यायचे?"

"तुमच्याकडून पैसे घेऊ? ते जुनं तेवढं द्या."

"ने बाबा. तेवढंच पुसणं वाचलं."

घरी काजळी निघाली की खालून दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या उस्तादाचा हात उजेडात यायचा. बरी चित्रं लंडनला विकली, उत्तम ती ठेवली. कालव्यावर घर झालं, चौकटींचा कारखाना झाला. रंगवायला वेळ उरला नाही. गायींची चित्रंसुद्धा पगारी माणसं काढू लागली.

साठी उलटल्यावर मामांनी पुन्हा कुंचला धरला. चित्रात गवतावर पसरलेली ओली कापडं आणि संध्याकाळ. आकाश फसलं होतं, कापडांवरचा उजेड फार चांगला होता. गावच्या नव्या संग्रहालयात हे एकच चित्र लागावं, एवढ्यासाठी त्यांनी सगळा संग्रह देऊ केला.

समितीचे अध्यक्ष नोटरी व्हान डाल्सुम. शुक्रवारी मामांबरोबर पत्ते खेळणारे.

"योस्त, जिवंत चित्रकाराचं चित्र आम्ही लावत नाही. मेल्यावर लावू की!"

"मग लवकर मरतो."

"घाई नको, आधी सही कर."

आपला संग्रह ही मंडळी विकून खातील या भीतीने मामांनी अट लिहून घेतली: यातलं एकही चित्र संग्रहालयाच्या दालनातून कधी हलवायचं नाही.

मी म्हटलं, "मामा, तुमच्या चित्राचंही लिहून घ्या ना."

"डाल्सुमने शब्द दिलाय, मिना. जागा लेखी मागायला मी भिकारी आहे?"

हा मानीपणा!

फेब्रुवारीत मामा गेले. दुसऱ्याच महिन्यात मी चित्र घेऊन दालनात उभी राहिले. चारी भिंती जमिनीपासून छतापर्यंत भरलेल्या. सगळी मामांनीच दिलेली चित्रं.

"एक तरी खिळा मोकळा दिसतोय का?" व्हान डाल्सुम चष्मा पुसत म्हणाले. "एखादं उतरवावं, तर त्याचीच अट आडवी येते."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना! जागा असती तर पाळलाही असता. जिन्याखाली लावू?"

जिन्याखाली झाडू ठेवतात. मी चित्र उचललं. ते दारातून आडवं जाईना, तेव्हा नोटरीसाहेब स्वतः उठून दार धरायला आले.

"सांभाळून हं," ते म्हणाले, "भिंतीवरच्या चित्रांना कोपरा लागेल."