अण्णांचा रिषभ आणि माझा तयार कान

हसायचं तर हसा, पण गावभर करू नका. माझ्या भिंगारच्या स्टुडिओच्या पाटीवर 'तयार कान, चोख काम' असं लिहिलेलं होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या.

स्टुडिओ म्हणजे काय, तर घराची मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या, एक कॉम्प्युटर आणि मी. तिथे एका दुपारी बेलापूरचे अण्णा आले. भजनी मंडळाचा चाळीस वर्षांपासूनचा मुख्य आवाज. त्यांची नात नोकरीसाठी परदेशी निघाली होती आणि तिला रोज सकाळी ऐकायला आजोबांची भूपाळी मोबाईलवर हवी होती. दोन दिवसांनी तिचं विमान.

अण्णांनी हेडफोन घातला, डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्याच ओळीत कोमल रिषभ, म्हणजे जरा उतरलेला 'रे', आला आणि घसरला. अख्खी भूपाळी झाल्यावर मी पुन्हा गायला लावली. पुन्हा गायले, पुन्हा घसरला. अकरा वेळा गायले बिचारे! आणि अकराही वेळा मी, पेटीच्या दोन परीक्षा दिलेला महापंडित, त्यांना रिषभ समजावून सांगितला. वर म्हणालो, "अण्णा, वय झालं की होतं असं."

हे वाक्य आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अण्णांनी हेडफोन काढून ठेवला. "माझ्याबी कानाला खोटाच लागतोय, मास्तर. गळा गेला म्हनायचा." नातीला आता काय सांगू, एवढं पुटपुटले आणि एसटी पकडायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेकॉर्डिंग पुसायला बसलो, तर त्यावर सूर सुधारणारं प्लगिन चालू! प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा छोटा प्रोग्राम. गाणाऱ्याचा आवाज आत आला की आपण नेमून दिलेल्या सुरांवर तो ओढून नेतो, आणि तोच ओढलेला आवाज हेडफोनमध्ये जातो. अण्णा येण्याच्या आदल्या दिवशी मी एका शाळेचं स्वागतगीत केलं होतं. त्यासाठी सातही शुद्ध सूर नेमले आणि ते काढायचं विसरलो. त्यात कोमल रिषभाला जागाच नव्हती. अण्णा बरोबर लावत होते आणि माझं यंत्र त्याला तिथून हुसकावत होतं. कुणाचं वय झालं होतं, सांगा बरं?

नशीब एवढंच, की हे प्लगिन मूळ रेकॉर्डिंगला हात लावत नाही, फक्त ऐकताना मध्ये येतं. ते बंद केलं आणि अण्णांचा खरा आवाज आला. अकराच्या अकरा वेळा रिषभ असा लागला होता, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

भूपाळी मोबाईलमध्ये घेतली आणि तडक बेलापूर गाठलं. ओट्यावर अण्णा, नात आणि मंडळाचे चौघेजण बसले होते. सगळ्यांसमोर अण्णांचे पाय धरले, केलेला गाढवपणा कबूल केला आणि भूपाळी लावली. नात रडायला लागली. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, काल लई समजावून सांगत हुता तुमी. आता तो रिषभ मशीन न लावता तुमीच म्हना."

म्हटला.

मंडळाचे चौघेजण तोंडाला उपरणं लावून हसायला लागले. नातीचं रडणंसुद्धा थांबलं. मग अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वय लहान हाय, हुतं असं. पन ते मशीन काढून टाकू नका. तुमाला लागंल."