मागच्या खुर्च्यांवरचे बाप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला म्हणून सांगते. तसं सांगण्यासारखं होतं तरी काय — तोंडातून गेलेलं एक वाक्य. पण त्या वाक्यात मी सहा वर्षं अडकून पडले आहे.

अकोल्यात दरवर्षी शहीद जवानांच्या आयांचा सत्कार होतो. सूत्रसंचालन माझं. शाळेत मराठी शिकवायचे, आवाज बरा आहे, आणि — खरं तेच लिहिते — लोकांना रडवता येतं मला. वीरमातेचं नाव पुकारायचं, तिच्या कुशीबद्दल चार ओळी बोलायच्या, मग पाहुण्या बाई खणानारळाने तिची ओटी भरणार. बायकांचे पदर डोळ्यांना लागले की मी मनातून सुखावायचे. आणि बाप? ते खाली, मागच्या खुर्च्यांवर, पिशव्या सांभाळत. मला कधी खटकलं का? नाही.

सहा वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून नामदेवकाका एकटेच आले. त्यांचा मुलगा सीमेवर शहीद झालेला. त्याची आई, कमलाबाई, दरवर्षी मंचावर बसायच्या. त्या उन्हाळ्यात वारल्या. काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "मॅडम, ती तं गेली. तिच्या जागी मी बसलो तं चालन ना?"

चाललं असतं. वरून आलेलं पत्र माझ्या हातातल्या फाइलमध्ये होतं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं — माता-पित्यांचा सत्कार करावा. मी ते दोनदा वाचलं होतं. मग आडवं काय आलं? ओटीचं ताट. पुरुषाची ओटी कशी भरणार, असं मनात आलं. पण तीही सबबच — पाहुण्यांसाठी आणलेल्या शाली होत्या की! खरं म्हणजे माझं सगळं भाषण आईवर बेतलेलं होतं. त्या साड्यांच्या रांगेत हा धोतरातला म्हातारा बसला की माझा रंग बिघडणार, एवढंच मला दिसलं. मी म्हणाले, "काका, फक्त मातांनाच बसवायचं, असा वरून आदेश आहे."

"आदेश असन तं काय करता," काका म्हणाले आणि मागे जाऊन बसले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मी कमलाबाईंवर बोलले. अख्खं सभागृह रडलं.

चहाच्या वेळी काकांनीच सहज सांगितलं — भरतीच्या आधी वर्षभर पहाटे पोरगा रस्त्यावर धावायचा आणि हे मागे सायकलवर, घड्याळ बघत. ही गोष्ट मी माइकवर एकदाही सांगितली नाही. कशी सांगणार? कुणी विचारलं असतं, मग यांना वर का बोलवत नाही?

ते दरवर्षी येतात. जठारपेठेतल्या घरून चालत निघताना मी दरवर्षी ठरवते — यंदा सांगून टाकायचं. पण सांगायचं म्हणजे आधीचं खोटं उघडं पाडायचं. 'आदेश बदलला' असं दुसरं खोटं तरी बोलता आलं असतं ना? तेवढीही माझ्यात धमक नव्हती. लाज वाटते. वाटते, आणि मी पुन्हा माइक धरते.

यंदा दर्यापूरचं एक जोडपं आलं. मुलगा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मंचावर चढताना बाईचे पाय लटपटत होते, म्हणून नवरा तिच्यामागे पायऱ्या चढू लागला. मी काही बोलायच्या आत नामदेवकाका मागून लगबगीने आले. त्याचा दंड धरून समजावू लागले, "नाई भाऊ, आपल्याले नाई बसता येत वर. तसा आदेश हाये. मॅडमले इचारा पायजे तं."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

मी मानेनेच हो म्हटलं आणि पुढच्या वीरमातेचं नाव पुकारलं.