एक्याण्णव गुणांचं यंत्र

संध्या तायडे चिडली की आवाज चढवत नाही, चष्मा काढून टेबलावर ठेवते. अकोल्याबाहेरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. बाईंचा चष्मा उतरला की पाचवीचा वर्ग चिडीचूप. त्या दिवाळीनंतर मात्र चष्मा नाकावर कमी आणि टेबलावरच जास्त असायचा. आणि का नसावा? फसली होती बिचारी, आणि तीही छापलेल्या शब्दावर!

त्या घरात छापलेल्या शब्दाला काय मान होता, ते आधी सांगायला हवं. तिचे वडील शेषराव मालधक्क्यावर हमाल होते. स्वतः अडखळत वाचायचे, पण रोज पोरीला समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे. अंगात येणं, उतारा, गंडेदोरे यातलं काही त्या बौद्ध घराच्या उंबऱ्याआत कधी आलं नाही. "आयकलेल्या गोष्टीवर जाऊ नको पोरी, पुस्तकात पाह्य," हे त्यांचं पालुपद. पुस्तकांनीच पोरीला शिक्षिका केलं, घरावर स्लॅब घातला. असल्या घरातली लेक छापलेल्यावर विश्वास ठेवणार नाही तर मग कोणी ठेवायचा?

आणि आई, जाईबाई. तीस वर्षं एका दालमिलमध्ये तुरीचा कोंडा झाडत होती. मिल सुटली, कोंडा छातीत राहिला. चार पायऱ्या चढल्या की दम, दोन वाक्यं बोलली की दम. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "घरात झाडू फिरवायचाच नाही. धूळ उडाली की आजींचा श्वास कोंडलाच समजा." म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा होता. हौस कसली डोंबलाची, आईच्या श्वासाचा प्रश्न होता.

दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाणारी संध्या नव्हे. 'चोख माप' नावाचं ग्राहकांचं मासिक ती वर्गणी भरून घ्यायची. जाहिरात न घेणारं, वस्तू स्वतः विकत आणून तपासणारं. तीन महिने तिनं त्याचे जुने-नवे अंक चाळले, पेन्सिलीनं खुणा केल्या. पहिल्या नंबरच्या यंत्राला शंभरपैकी एक्याण्णव गुण होते. मास्तरीणच ती, गुण बघून खूश. अकोल्यात ते यंत्र मिळेना, तर रविवारी एसटीनं अमरावती गाठली आणि खोकं मांडीवर घेऊन परत आली.

यंत्र ओढायचं मात्र झकास. काळ्या मातीचा फुफाटा, पलंगाखालचा कापूस, सगळं गट्टम. शाळेआधी संध्या ते घरभर फिरवायची आणि जाईबाई बाजेवर बसून बघायची. दुसऱ्या आठवड्यात म्हातारीचा खोकला वाढला. संध्याला वाटलं धूळ राहून जाते आहे, म्हणून ती यंत्र दिवसातून दोनदा फिरवू लागली. चौथ्या आठवड्यात भर दुपारी जाईबाईचे ओठ निळे पडले. ऑटोतून दवाखाना गाठला, तोंडावर वाफेचा मास्क चढला, दोन रात्री तिथंच काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्यात घरात नवीन काय आणलंत?"

घरी येताच संध्यानं तो अंक पुन्हा काढला. गुणांच्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'यंत्राच्या मागून बाहेर पडणाऱ्या हवेची चाचणी केलेली नाही.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथं तिनं मासिकाच्या कचेरीत फोन लावला.

"मॅडम, आमची चाचणी गालिच्यावर होते," पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला. "खेच, आवाज, वजन, वीज, एवढंच आम्ही मोजतो. लपवलेलं काही नाही, तळटीप दिली आहे."

"गालिचा?" संध्याचं शाळेतलं मराठी गळून पडलं. "आमच्या अकोल्यात गालिचे कोन हातरते हो? जो प्रश्न पेपरात इचारलाच नाई, तो सोडून पोराले पयला नंबर देऊन राहिले तुमी? माही माय मरता मरता वाचली!"

"आपल्या भावना आम्ही संपादकांना कळवतो."

"भावना नोका कळवू, धूळ कळवा!" असं म्हणत तिनं फोन पलंगावर आपटला. तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे तिलाही कळत होतं, आणि त्यामुळेच ती जास्त पेटली. खोटारडा असता तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

जाईबाई दारात येऊन उभी होती, नाकातोंडाला पदर लावून. "बोंबलू नको. खिडक्या उघड अन् ते सुरू कर," ती म्हणाली. जुन्या पांढऱ्या धोतराचा एक तुकडा तिनं पाण्यातून पिळून आणला होता. तो तिनं लेकीच्या हातात दिला. "याच्या मांगं धर."

संध्यानं यंत्र सुरू केलं आणि फडका मागच्या जाळीसमोर धरला. मिनिटभरात मधोमध तळहाताएवढा काळपट डाग उमटला.

"मिलमंधी आमी बाया रोज सकाळी असंच पाहो," जाईबाई दाराशीच उभी राहून सांगू लागली. "पंख्याच्या मांगं ओला फडका धरायचा. पिवळा झाला का समजायचं, धुळीची पिशवी फाटली. मंग बदलून द्या म्हनून मुकादमाच्या मांगं लागायचं. कधी आयके, कधी नाई."

संध्यानं यंत्र बंद केलं. तीन महिने मासिक, पेन्सिलीच्या खुणा, अमरावतीची एसटी, आणि धुळीतलं सगळं जाणणारी बाई समोर बाजेवर बसलेली! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. राग कुणावर काढावा ते सुचेना, तेव्हा तिनं तो आईवरच काढला.

"मंग पयल्याच दिवशी काहून नाई सांगितलं व माय?"

जाईबाईनं आधी दम घेतला. मग आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर कडाडली.

"सांगितलं ना! मशीन आनली त्याच दिवशी सांगितलं, मांगून धूळ येऊन राहिली म्हनून. तू म्हने, माय, तुले यातलं काय समजते. मुकादमबी हेच म्हने."