भाव उतरणार आहे

सुभद्राबाई वानखडे यांच्या दुकानात एकट्या पुरुषाला रेडिओ मिळत नसे. खिशात पैसे असोत, गावात वट असो, घरी चार बैलजोड्या असोत, बाई जागच्या न हलता विचारायच्या, "घरची बाई कुठी हाय?" वावरात, असं उत्तर आलं की म्हणायच्या, "मंग आल्यावर घेऊन या. तुमी दिवसभर बाहेर. रेडिओ राह्यते तिच्यापाशी. बटन तिनं फिरवून पाह्यलं पाह्यजे."

हा नियम मला ठाऊक नव्हता. संग्रामपूरच्या पोस्टात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि पोस्टाच्या बाबूला कोण नाही म्हणतो, अशी एक गुर्मी त्या वयात अंगात होती. पोस्टासमोरच बाईंचं दुकान. मी गेलो आणि चामडी कव्हरातल्या तीन बँडच्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं.

"लगन झालं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"माय हाय?"

"आहे. बुलढाण्याला."

"मंग मायले आना."

"अहो, मी घेतोय! माझ्या पगारातून!"

"पैसे तुमचेच हायत बाबू. कुठी पळून नाई जात."

मी तणतणत परत आलो. आठ दिवस त्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण पुढे आई घाट उतरून माझ्याकडे आली आणि मी तिला घेऊन गेलो. बाईंनी रेडिओ सरळ तिच्या मांडीवर ठेवला. आईने भीत भीत बटन फिरवलं. खरखर झाली आणि नागपूर लागलं. आईने आयुष्यात एकही वस्तू स्वतः पसंत केली नव्हती. तिचं लुगडंसुद्धा वडील आणत. ती ताठ बसली, दुसरा रेडिओ मागितला, तिसरा मागितला, आणि शेवटी पहिलाच घेतला. माझा राग तिथेच संपला. तेव्हापासून मी बाईंना मावशी म्हणू लागलो.

मावशींचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. छातीच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले. अंथरुणावरून ते सांगत आणि मावशी करत: तार कुठे तुटली, कथलाचा डाग कसा द्यायचा, कोणता भाग तापला की समजायचं तो गेला. ते वारले तेव्हा मावशींचा हात बसला होता. दुकान विकून टाक, असं दिरांनी सांगितलं. मावशींनी दुकान विकलं नाही, उलट दुरुस्तीच्या जोडीला विक्री सुरू केली.

घर बौद्धांचं. गावातल्या काही वाड्यांत त्यांना ओट्याच्या वर बोलावत नसत, पण रेडिओ बंद पडला की निरोप त्यांनाच येई. सुरुवातीला त्या जात आणि ओट्याखाली उभ्याने काम करून देत. मग एक दिवस त्यांनी ते बंद केलं. ज्याचा रेडिओ बिघडला त्याने तो दुकानात आणावा. एक जण कुरकुरला, तर म्हणाल्या, "रेडिओले इचारा, कोनाचा हात लागला ते. त्यानं सांगतलं त मी दुकान बंद करतो." रेडिओ दुकानात येऊ लागले.

त्या काळी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे, दर वर्षी त्याची फी भरावी लागे. ते काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मावशींकडून निघालेला माणूस रस्ता ओलांडून माझ्या खिडकीशी यायचा, आणि कोणी काय घेतलं, काय म्हणाला, सगळं मला समजायचं.

एका वर्षी पोळ्यानंतर कंपनीने नव्या घडणीचा ट्रान्झिस्टर काढला. प्लॅस्टिकचा, हातात मावेल एवढा, चामडी कव्हर नाही, काही नाही. आमच्याकडे तोवर रेडिओ वजनावर पसंत केला जाई. सरकी असो की रेडिओ, माणूस आधी हातात तोलून पाहणार. नवा रेडिओ हातात घेतला की लोकांची तोंडं उतरत.

"याच्यात त काईच नाई बाप्पा. सेल काढले त उडून जाईन."

"याच्यातून लेकराचा आवाज येत असन."

"आन खिशात घातला त लोकाले दिसन कसा?"

हे शेवटचं वाक्य पांडुरंग पाटलांचं. पाटलांनी पंधरा दिवसांपूर्वीच मोठा रेडिओ घेतला होता आणि तो खांद्याला अडकवून ते पारापर्यंत उगाच दोन चकरा मारत. एक म्हातारी म्हणाली की, एवढ्याशाला हळदकुंकू कुठे लावायचं? बोट लावलं की झाला भरून.

मावशींनी वाद घातला नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी टेबलावर मोठा आणि लहान दोन्ही रेडिओ ठेवले, वर एक जुनं लुगडं अंथरलं आणि एकेक चालू केला. कोणता लहान, ते आवाजावरून ओळखायचं. सगळा बाजार जमला. दहातल्या सात जणांनी चुकीचा ओळखला. पांडुरंग पाटलांनी तर छातीठोकपणे लहानालाच मोठा म्हटलं. मावशींनी लुगडं उचललं तेव्हा जो हशा पिकला, तो मी पोस्टात शिक्के मारताना ऐकला. "कान देल्ले देवानं, आन तुमी हातानं ऐकता," मावशी म्हणाल्या. नवे रेडिओ खपू लागले.

पण पुढच्याच महिन्यात घोटाळा झाला. लहान रेडिओ बाजारात आणला म्हणून कंपनीने मोठ्याची किंमत एकदम साठ रुपयांनी उतरवली. पेपरात जाहिरात आली. साठ रुपये म्हणजे शेतमजुराची महिन्याभराची मजुरी. मावशींनी पोळ्याच्या सुमाराला सात मोठे रेडिओ विकले होते. ते सातही जण पेपर घेऊन दुकानात आले, सगळ्यांत पुढे पांडुरंग पाटील.

"तुले माहीत होतं! माल उतरनार म्हनूनच आमच्या गळ्यात बांधला!"

"मले माहीत नव्हतं, पाटील."

"अकोल्याहून माल तू आनते, आन तुले माहीत नाई? आता कोन येते तुह्या दुकानात, पाह्यतो मी."

लोक गेल्यावर मी गेलो, तर त्या डाग द्यायची सळई हातात धरून बसल्या होत्या आणि ती केव्हाच थंड झाली होती. मी म्हणालो, लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील. त्यांनी मान हलवली.

"पाटलाचं नाव दहा वेळा जाते बाबू, आन दहा वेळा येते. माह्यासारखीचं एकदा गेलं का गेलं. मंग हे दुकान नाई, आन काईच नाई."

मग त्या एकेक आठवू लागल्या. अकोल्याचे शेठ कधी स्वतःहून माल घ्या म्हणत नसत. या खेपेला मात्र, सणाला कमी पडतील, सातही घेऊन जा, असं म्हणून त्यांनी चहा पाजला होता. "मले तवाच समजाले पाह्यजे होतं. त्यायनं मले कधी चहा पाजला नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्या सातही घरांच्या दारात गेल्या. पुरुषांशी बोलल्या नाहीत. ज्या बायकांनी बटन फिरवून रेडिओ पसंत केला होता त्यांना म्हणाल्या, "उद्या पह्यल्या गाडीनं अकोल्याले चाला. रेडिओ घ्या, लायसन घ्या. तिकीट माह्यं." सगळ्यांत आधी तयार झाली ती पांडुरंग पाटलांची कमळाबाई. नवऱ्याने डोळे वटारले, तर ती म्हणाली म्हणे, "रेडिओ म्या पसंत केला. फसली असन त म्या फसली. मलेच जाऊ द्या."

मी तिथे नव्हतो, पण कमळाबाईंनी ही हकिकत पुढे इतक्यांदा सांगितली की, मी होतो असंच मला वाटतं. सात बायका आणि मावशी शेठच्या दुकानात शिरल्या आणि गादीवर ओळीने बसल्या. शेठ म्हणाले, कशावरून हे रेडिओ तेव्हाच घेतले? सातही जणींनी लायसनं काढून पुढे ठेवली. माझं अक्षर, माझी तारीख, पोस्टाचा शिक्का. शेठ म्हणाले, बघू, कंपनीला विचारू, पुढच्या महिन्यात या. मावशींनी बायकांकडे पाहिलं आणि सांगितलं, "लावा. अन् सगळ्यायनं येगयेगळं लावा."

एकीने नागपूर लावलं, एकीने भोपाळ, एकीने सिलोन, एकीला काहीच लागेना म्हणून तिने नुसती खरखर मोठी केली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत जाऊ लागलं. शेठ ओरडून म्हणाले, "बाई, आवाज कमी करा!"

"भाव कमी होते शेठ," मावशी म्हणाल्या. "आवाज नाई होत."

दुपारपर्यंत शेठने कानाला हात लावले. सातही जणींचे साठ-साठ रुपये मोजून दिले. देता देता ते चिडून बोलून गेले, "कंपनीचं पत्र मला पोळ्याआधीच आलं होतं. पण धंद्यात असं कोण सांगतं हो?"

"मी सांगन," मावशी म्हणाल्या. "पुढच्या टायमाले पत्र आलं का मले कळवा. नाई त आमी हाओच."

संध्याकाळी गाडी संग्रामपुरात आली तेव्हा सात रेडिओ वाजत उतरले. पांडुरंग पाटील स्टँडवर होते. त्यांनी बायकोच्या हातातला रेडिओ घेतला, खांद्याला अडकवला आणि मान खाली घालून चालू लागले. त्या दिवसापासून मात्र ते मावशींना ‘तू’ सोडून ‘अहो बाई’ म्हणायला लागले.

गोष्ट इथे संपली असती तरी मला मावशींचा अभिमान वाटला असता. पण त्या शेठला शब्द देऊन आल्या होत्या. वर्षभराने, कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आला होता तेव्हा, शेठचं कार्ड आलं. ते मीच त्यांना नेऊन दिलं. पुढच्या महिन्यात लहान रेडिओचा भाव उतरणार होता. मावशींकडे लहान रेडिओंचा ढीग होता आणि लग्नसराई दारात. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर फळी लावली, स्वतः खडूने लिहिलेली:

‘भाव उतरणार आहे. ज्याले घाई नाही त्यानं पुढच्या महिन्यात या.’

मी धावत गेलो. "मावशी, हे काय? महिनाभर चूल कशी पेटणार?"

"दुरुस्तीवर."

"अहो, शेठ म्हणाला तेच खरं आहे. असं कोणी सांगत नाही."

"म्हनूनच त्या दिवशी सात जन माह्या दारात आले होते ना," त्या म्हणाल्या आणि खाली मान घालून तार लावू लागल्या.

महिनाभर दुकानात कोणी काही घेतलं नाही. लोक येत, फळी वाचत, ज्यांना वाचता येत नाही ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि जात. मी रोज खिडकीतून पाहायचो आणि माझाच जीव खालीवर व्हायचा. दोन-तीनदा तर वाटलं, उठून जावं आणि ती फळी पुसून टाकावी. ते केलं नाही, याबद्दल आज मी स्वतःचीच पाठ थोपटतो.

ज्या दिवशी भाव उतरला त्या दिवशी मी पोस्ट उघडायला आलो तर रस्त्यात माणसं मावेनात. रांग मावशींच्या दारातून निघून पोस्टाच्या पायरीला लागलेली. सातपुड्याच्या पायथ्याची गावं, ज्यांची नावं मी फक्त पाकिटांवर वाचली होती, तिथून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. शेगावात रेडिओची दोन मोठी दुकानं होती, रेल्वे होती, भाव तोच होता. ते सोडून ही माणसं इथे आली होती. मी एका गाडीवानाला विचारलं, इतक्या लांब कशाला? तो म्हणाला, "ते बाई घाटा खाते, पन सांगते." आणि रांगेत पुढे सगळ्या बायकाच होत्या, पुरुष मागे गाड्यांपाशी.

दुपारी माझी लायसनची छापील पुस्तकं संपली. तालुक्याला माणूस पाठवून नवीन मागवली. पाचाच्या ठोक्याला मी खिडकी लावणार, तेवढ्यात मावशी रस्ता ओलांडून आल्या. पदर खांद्यावर, बोटांना काजळी, हातात एक लहान ट्रान्झिस्टर.

"एक लायसन द्या, बाबू."

"कोणाच्या नावाचं?"

"माह्या."

मला काही समजेना. मग त्यांनीच सांगितलं की, त्यांच्या घरी आजवर रेडिओ नव्हता. दुकानातला प्रत्येक रेडिओ विकायचा. दुरुस्तीला आलेला दुसऱ्याचा. इतकी वर्षं त्यांनी सगळ्या पंचक्रोशीला ऐकवलं आणि रात्री घरी जाऊन गप बसल्या. "आज एक ठेवून घेतला. म्यापन बटन फिरवून पाह्यलं. पसंत हाय."

मी पुस्तक उघडलं. त्या खिडकीच्या गजांना धरून वाकून पाहत होत्या.

"नाव ठळक लिहा, बाबू. बाजारात चालते ते."

पुढे रेडिओची लायसनंच बंद झाली. माझ्या बदल्या झाल्या, मावशीही गेल्या. पोस्टाच्या चाकरीत मी काय मोठं काम केलं, असं घरची पोरं चेष्टेनं विचारतात. मी त्यांना सांगतो की, संग्रामपूरच्या पोस्टात एका संध्याकाळी मी टाक पुन्हा शाईत बुडवला आणि सुभद्राबाई तुकाराम वानखडे हे नाव, मला जमेल तेवढ्या ठळक अक्षरात, लिहिलं.