मकबूल मिस्त्रीच्या सायकलचे बार

लोह्याच्या मकबूल मिस्त्रीनं फवारणी पंपाचं इंजिन सायकलला बसवलं, आणि मागून असे बार निघू लागले की गल्लीतल्या म्हशी दूध चोरू लागल्या. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, शिव्याही दिल्या. बार काही थांबेनात.

धुणं धुणाऱ्या बायकोनं, सुलतानबीनं, वैतागून चालू इंजिनावर साबणाचं पाणी फेकलं. कार्बोरेटरच्या जोडावर पाणी पडताच इंजिन क्षणभर सुरळीत चाललं.

"अगं, हितल्या फटीतूनच हवा खाऊन राहिलंय की हे!"

मिस्त्रीनं मेव्हण्याच्या लग्नाची जाड पत्रिका कापून जोडात घट्ट बसवली. बार बंद झाले.

"माझ्या भावाची पत्रिका कापली तुम्ही?"

"आज पहिल्यांदा कामाला आला तुझा भाऊ," म्हणत मिस्त्रीनं सायकल बाजाराकडं पिटाळली.