डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा कन्व्हर्टर

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास नगर-औरंगाबाद रस्त्यावर क्लच नसलेली गाडी एकच होती. लाल, बुटकी, दोन माणसांपुरती, वर कापडी टप. भिंगारच्या छावणीतला एक अधिकारी बदली होऊन गेला, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंनी घेतली. लोक म्हणत, बाईंना शौक भारी. शौक कसला! लहानपणच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय लुळा झालेला. क्लच दाबायला डावा पाय लागतो. क्लच नसलेली गाडी साऱ्या जिल्ह्यात त्यांना ही एकच मिळाली आणि ती नेमकी शर्यतीच्या बनावटीची निघाली, एवढंच. त्या गाडीतून त्या रोज जेऊर, पांढरीपूल, घोडेगाव असा फेरा करून खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत.

माझे वडील, म्हणजे अण्णा, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर भिंगारच्या बाजारामागे त्यांनी पत्र्याची एक शेड घातली. बाईंची गाडी त्यांच्याकडेच यायची. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात आरतीचं पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. मी तीन वर्षांची असताना आम्ही बौद्ध झालो. त्यानंतर सभांतून मिळालेलं प्रत्येक पत्रक अण्णा घडी करून आणत आणि मला मोठ्यानं वाचायला लावत. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले. छापलेला शब्द खोटा असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडी बाईंची गाडी इमामपूरच्या घाटात मागं आली.

चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून बाई थांबल्या. पुन्हा निघायला गेल्या तर इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी पुढं जायची ती मागं घसरली. मागं बैलगाडी होती. गाडीवानानं वेळेवर बैल वळवले म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये आल्या तेव्हा माळीवाड्यातले एक मोठे गॅरेजवाले तिथं काही सामान मागायला आलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल देऊन टाकला.

"बाई, सरळ गिअरची गाडी करून घ्या. क्लच बसवू. आन् एक ड्रायव्हर ठेवा. बाईमानसाला शोभतं बी."

"आणि तो ड्रायव्हर रात्री-अपरात्री वस्तीवर यायला नाही म्हणाला तर?" बाईंनी विचारलं.

"मग सकाळी जायचं."

"बाळाला तसं सांगून ठेवते," बाई म्हणाल्या.

अण्णांशेजारी उभी असलेली मी हसले. गॅरेजवाल्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला. मग अण्णांना म्हणाले, "मिस्त्री, तुमी टँक-रणगाडे दुरुस्त केले असतील. पन ह्यो विलायती डबा हाय. ह्याच्यात हात घालू नका. बाईंच्या जिवाशी खेळ होईल."

अण्णा एवढंच म्हणाले, "बघतो."

तो डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. अशा गाडीत क्लचच्या जागी तो असतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. आत तेल आणि समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाचा झोत दुसऱ्याला फिरवतो आणि चाकं चालतात. बाईंच्या गाडीतल्या कन्व्हर्टरचे पंखे झिजले होते. नवा मिळण्याची आशा नव्हती. ती गाडी बनवणाऱ्यांना आपल्या देशाशी देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, बाहेरून मिळेल तो निवडून बसवायचा होता. तो चुकला तर बाईंचं गाडी चालवणं संपलं. काठी टेकत त्या शेडच्या बाहेर गेल्या तेव्हा गाडीच्या दारावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

लष्करातले अण्णांचे एक जुने सोबती मुंबईत जुन्या सामानाचा धंदा करत. त्यांच्याकडून अण्णांनी दोन कन्व्हर्टर आणले, पसंत पडेल तो ठेवायचा या बोलीवर. दोन्हींचे दाते आमच्या गिअरबॉक्सला जुळत होते. एक मोठा, कोरा, मेणकागदात गुंडाळलेला, एका थोराड विलायती गाडीचा. दुसरा लहान, वापरलेला. तो कुणीतरी कापून उघडला होता, आतून दुरुस्त केला होता आणि पुन्हा वेल्डिंगनं जोडला होता. कडेनं टाक्यांसारखी शिवण दिसत होती.

मोठ्याबरोबर एक छापील कागद होता, इंग्रजीत. अण्णांना इंग्रजी येत नसे. तो वाचून दाखवायचं काम माझं. 'अधिक ताकदीच्या इंजिनासाठी', 'तेल कमी तापते', 'वेग वाया जात नाही' असं एकेक वाक्य मी मराठीत सांगत गेले, सभेत ठराव वाचावा तशी. बाई समोरच बसल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "मोठाच घ्या. यात लेखी दिलेलं आहे."

"मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"लेखी हाय ते खरं आसंल," अण्णा म्हणाले. "पन त्या कागदाला इमामपूरचा घाट कुठं म्हाइती हाय? उद्या मी तुमच्यासंगं दिवसभर येतो. पोरगी मागं बसंल. मग ठरवू."

"हा झिजलेलाच डबा घालून?" बाईंनी विचारलं.

"हळू जाऊ. मागं दगड लावायला पोरगी हायेच की."

ही अण्णांची रीत होती. गाडीत जादाचं काही बसवायचं असेल तर ते आधी मालकाबरोबर एक दिवस रस्त्यावर काढत. लष्करातले जवान त्याला हसत. फिटरनं पाना धरावा, फिरायला कशाला जावं? अण्णा म्हणत, गाडी शेडमध्ये राहत नाही, रस्त्यावर राहते.

तर दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बाईंच्या औषधांच्या पेटीशेजारी मागच्या खोबणीत पाय दुमडून बसले. मांडीवर पाटी. गाडी पूर्ण थांबून पुन्हा निघाली की डाव्या बाजूला एक रेघ. सलग सपाट, वेगानं दोन मैल गेली की उजव्या बाजूला एक रेघ. दगड दोरीला बांधून पायाशी ठेवला होता. चढावर गाडी थांबली की उडी मारून तो चाकामागं लावायचा.

भिंगारच्या नाक्यावरच चार रेघा झाल्या. पुढं शेळ्या, एस.टी., रस्त्यात झोपलेला कुत्रा, रस्त्यात उभं राहून भांडणारे दोघे भाऊ. गावोगाव बायका हात करून गाडी थांबवत आणि खिडकीतूनच दुखण्याखुपण्याचं विचारत. एकीनं विचारलं, "बाई, ह्या गाडीला म्हन पाय लागत न्हाई?" बाई म्हणाल्या, "एक लागतो. तेवढा माझ्याकडं आहे."

घोडेगावला जनावरांचा बाजार भरलेला. रस्ताभर बैल, म्हशी, दलाल. आम्ही हातभर पुढं जायचो आणि थांबायचो. एका म्हशीनं बॉनेटवर मान टेकली. मालक म्हणाला, "बाई, बदलायची का? म्हैस दूध तरी देती." अण्णा खो खो हसले. मी मात्र रेघा मारता मारता रडकुंडीला आले होते, कारण पाटीची डावी बाजू भरली होती आणि मला पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली.

परतताना, घाट चढण्याआधी, पांढरीपुलाजवळ चहाला थांबलो. अण्णांनी पाटी बाईंपुढं धरली. उजवीकडं एकच रेघ होती.

"बाई, आज तुमी एकदाच सुसाट गेला."

"आणि तेव्हाही पुढं ट्रॅक्टर आला," बाई म्हणाल्या.

मग अण्णांनी मला समजावून सांगितलं, बाईंना नाही. बाईंना ते आधीच उमगलं होतं. "पोरी, ह्या गाडीचं इंजिन ल्हान हाय. ह्याला फेरे वाढल्याबिगर जोर येत न्हाई. मोठा डबा लई तेल ढकलायला लावतो, इंजिनाला फेरे घेऊच देत न्हाई. गोऱ्ह्याच्या मानेवर मोठ्या बैलाचं जू. सपाटीला एकदा पळाला की पळंल, त्ये कागद खरं सांगतो. पन थांबून उठतानाच त्यो मरंल. आन् बाईंचा दिवस निस्ता थांबून उठन्यात जातो."

"पण त्या लहान डब्याला वेल्डिंग केलंय, अण्णा. तो उघडलेला आहे."

"व्हय. त्याची परीक्षा घिऊ की."

मला राग आला होता, हे कबूल करते. राग अण्णांवर नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एक छापील कागद खरा असून चुकीचा ठरला होता आणि तो मी ठामपणे वाचून दाखवला होता. बाईंचा जीव मी त्या कागदाच्या भरवशावर पणाला लावत होते. त्यानंतर मी कितीतरी पत्रकं लिहिली. प्रत्येक वेळी वाक्य लिहून झालं की मी स्वतःला विचारते, हे कोणत्या रस्त्यावरच्या माणसासाठी आहे? हा प्रश्न मला कुठल्या सभेनं दिला नाही. तो भिंगारच्या एका फिटरनं दिला आणि ते सांगताना माझी मान आजही ताठ होते.

परीक्षा अशी. लहान कन्व्हर्टर आतून धुऊन कोरडा केला. खडूची पूड पाण्यात कालवून ती शिवणीवर बाहेरून फासली आणि वाळू दिली. मग आत रॉकेल भरून, तोंडाला बूच मारून तो लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. रॉकेल कुठल्याही फटीतून वाट काढतं. शिवण कुठं कच्ची असली तर पांढऱ्या खडूवर काळसर ओल उमटते. सकाळी भरला तो दुसऱ्या सकाळपर्यंत तसाच ठेवायचा आणि अधूनमधून फिरवायचा. दिवसभर नजर ठेवायचं काम मी मागून घेतलं. कॉलेज बुडवलं.

दुपारी माळीवाड्यातले गॅरेजवाले पुन्हा डोकावले. ठोकळ्यांवरचा डबा बघून म्हणाले, "ह्ये ठिगळ बसवनार बाईंच्या गाडीला?"

"ठिगळ दिसतंय, म्हनून तर तपासतोय," अण्णा पाना पुसत म्हणाले. "तुमी काल जो नवा अ‍ॅक्सल बसवला, तो तपासला व्हता का?"

"नव्याला काय तपासायचं?"

"मंग आमचं ठिगळ बरं."

ते निघून गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अण्णांनी डोळ्यांनीच दटावलं आणि डबा फिरवायला सांगितला.

दुसऱ्या सकाळी शिवण सगळीकडून पांढरी होती. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडी. अण्णांनी तरी स्वतः चष्मा लावून पूर्ण एक वेढा तपासला. मग तोल पाहायला तो डबा सारख्या उंचीच्या दोन कडांवर ठेवून हलक्या हातानं फिरवला. जड बाजू दर वेळी खाली येई, तिच्या बरोबर समोर चिमूटभर वजन जोडलं. शेवटी तो हवा तिथं थांबायला लागला. तीन दिवसांनी गिअरबॉक्स वर चढला, तेल भरलं आणि बाई येऊन गाडीत बसल्या.

अण्णा त्यांच्या शेजारी, मी मागं. घाट उतरून गेलो, पांढरीपुलावर वळलो आणि चढाला लागलो. मधल्या वळणावर, जिथं गाडी मागं आली होती तिथंच, अण्णा म्हणाले, "थांबा, बाई."

बाई थांबल्या. मागं उसाची एक बैलगाडी येत होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येत होता. मी दगडाला हात घातला.

"दगड ठेव खाली," अण्णा म्हणाले.

बाईंनी हँडब्रेक ओढला आणि उजवा पाय ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. फेरे दाखवणारा काटा सरकला. आवाज वाढला, पण या वेळी ते ओरडणं नव्हतं. बाईंनी हँडब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागं गेली नाही. ती उचलली आणि चढत गेली. मागचा गाडीवान ओरडला, "अवो बाई, आमाला बी वढून न्या!"

बाईंनी आणखी दोनदा थांबवली. दोनदा निघाली. मी मागून त्यांचा चेहरा पाहू शकत नव्हते, पण ताठ झालेली मान दिसत होती.

घाट संपून जेऊरच्या अलीकडं आलो तर एक म्हातारे गृहस्थ सायकल आडवी धरून रस्त्यात उभे. लाल गाडी लांबून ओळखली होती त्यांनी. सुनेला सकाळपासून कळा येत होत्या, वस्ती आत तीन मैल, रस्ता कच्चा आणि वाट दाखवल्याशिवाय सापडायची नाही. गाडीत जागा दोनच.

अण्णा दार उघडून खाली उतरले. मला म्हणाले, "उतर, तेवढंच ओझं कमी." म्हाताऱ्यांना आपल्या जागेवर बसवलं. सायकल बाभळीला टेकवली.

"मिस्त्री, तुम्ही कसे जाल?" बाईंनी विचारलं.

"आमची काळजी नगा करू. तेल तापलं तर घटकाभर हुबी करा, बास."

गाडी कच्च्या वाटेला लागली. ओढ्याच्या उतारावर थांबली, पलीकडच्या चढावर निघाली आणि धुळीत दिसेनाशी झाली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. थोड्या वेळानं नगरकडं जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर अण्णांना ओळखत होता. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काय मिस्त्री, गाडी बिघडली व्हय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "कामाला गेली."